पेरोव्हस्काइट सेलमधले आयन: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

९ जून २०२५

आजपासून या कामाची वही वेगळी. गेल्या आठवड्यात आढावा बैठकीत आमच्या नव्या सौर सेलचे (पेरोव्हस्काइट या खास स्फटिकरचनेच्या पदार्थाचे) प्रवाह-व्होल्टेज आलेख लावले होते. व्होल्टेज वाढवत नेतानाचा आणि उतरवत आणतानाचा, असे दोन्ही वक्र एकमेकांवर चपखल बसले होते. समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "हिस्टेरेसिस गेला, म्हणजे आयनांचा प्रश्न मिटला." हिस्टेरेसिस म्हणजे जातानाच्या आणि येतानाच्या वक्रांतली फट; आत आयन (प्रभारित अणू) सरकत असले की ती दिसते असं मानतात. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही. आयन सरकत असूनही हिस्टेरेसिस न दिसणं सहज शक्य आहे, आणि सेल किती टिकेल हे आयनांच्या सरकण्यावर ठरतं, आलेखाच्या देखणेपणावर नाही. पुढचे चार महिने हेच तपासायचं. मॅडमनी होकार दिला, पण एका अटीवर: कुठलंही मोजमाप लिहिताना स्कॅनचा (व्होल्टेज बदलत नेण्याचा) वेग किती होता आणि त्याआधी सेल कोणत्या अवस्थेत ठेवला होता, या दोन गोष्टी शेजारी लिहायच्याच.

गटात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं मागचं. २००९ मध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात कोजिमा आणि मियासाका यांनी लेड हॅलाइड (शिसं आणि आयोडाइड-ब्रोमाइडसारखे आयन असलेलं) पेरोव्हस्काइट वापरून पहिला सौर सेल केला, कार्यक्षमता ३.८ टक्के. त्यात द्रव इलेक्ट्रोलाइट होतं आणि त्यातच ते स्फटिक विरघळून जायचे. २०१२ मध्ये घन स्वरूपातले सेल आले आणि आकडा १० टक्क्यांच्या आसपास गेला. एप्रिल २०२५ मध्ये लोंगी या चिनी कंपनीने सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेल्या टँडेम सेलसाठी ३४.८५ टक्के नोंदवले. कार्यक्षमतेची ही चढण डोळे दिपवणारी आहे. पण शेतातल्या पंपावर बसवलेल्या सिलिकॉन पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते. आपल्याला स्पर्धा त्या हमीशी करायची आहे.

आता मुख्य गोष्ट. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडच्या जालकात (स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत) प्रत्येक शिशाच्या अणूभोवती सहा आयोडाइड अष्टफलक करून बसलेले असतात. एखादी आयोडाइडची जागा रिकामी असली की शेजारचा आयोडाइड अष्टफलकाच्या कडेने तिच्यात शिरतो आणि त्याची स्वतःची जागा रिकामी होते. असं होत होत ती रिकामी जागा सगळ्या थरातून फिरते. २०१५ मध्ये बाथ विद्यापीठातल्या गटाने गणित मांडून या उडीला लागणारी सक्रियण ऊर्जा ०.५८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट काढली. मिथाइलअमोनियम या सेंद्रिय आयनासाठी ०.८४ आणि शिशासाठी २.३१. म्हणजे शिसं जागचं हलत नाही, सेंद्रिय आयन रेंगाळत जातो आणि आयोडाइड मात्र सर्रास फिरतो. यात फार नवल वाटायला नको होतं. सीझियम लेड ब्रोमाइड आणि क्लोराइड हे हॅलाइड आयनांचे वाहक आहेत, हे जपानमध्ये मिझुसाकी आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा यांचे सौर सेल होतील हे कोणाच्या गावीही नव्हतं.

१२ जून

मोजायला बसण्याआधी कागदावर एक हिशेब. किती आयन सरकले तर सेलच्या आतलं विद्युतक्षेत्र पूर्ण झाकलं जाईल?

थराची जाडी ५०० नॅनोमीटर, परावैद्युत स्थिरांक २५ धरला. भूमितीय धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ नॅनोफॅरड येते. आतला विभव १ व्होल्ट धरला तर प्रत्येक टोकावर जो प्रभार हवा तो चौरस सेंटिमीटरला ४.४ × १०⁻⁸ कूलोम, म्हणजे सुमारे २.७ × १०¹¹ आयन. तो सगळ्या जाडीत वाटला तर घन सेंटिमीटरला साधारण ५.५ × १०¹⁵.

आता जालकात एकूण आयोडाइड किती? एकक पेशीची बाजू ६.३ अँगस्ट्रॉम, त्यावरून घन सेंटिमीटरला ४ × १०²¹ पेशी, प्रत्येकीत तीन आयोडाइड, म्हणजे १.२ × १०²². भागाकार केला तर दर वीस-बावीस लाख आयोडाइडमागे एक जागा रिकामी असली तरी पुरे. आतलं क्षेत्र झाकायला तेवढी फिरती रिक्तस्थानं बस होतात.

हा आकडा मी मुद्दाम ठळक लिहून भिंतीवर लावला आहे. द्रावणातून शंभर अंशांवर दहा मिनिटांत बनणाऱ्या फिल्ममध्ये रिक्तस्थानं यापेक्षा कितीतरी जास्त असतात. नोंदवलेली मूल्यं घन सेंटिमीटरला १०¹⁷ ते १०¹⁹ च्या पट्ट्यात येतात. त्यामुळे 'आयन आहेत का' हा प्रश्नच उरत नाही. ते किती वेगाने सरकतात आणि सरकून कुठे साठतात, हा प्रश्न आहे. १०¹⁸ धरले तर डिबाय लांबी ६ नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणजे साठलेल्या आयनांचा थर संपर्काला (इलेक्ट्रोडकडच्या टोकाला) अगदी चिकटून बसतो आणि मधल्या ४९० नॅनोमीटरमध्ये क्षेत्र जवळजवळ शून्य. इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेल्या धन जागा) मग ओढले जात नाहीत, नुसते विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत पोचतात. थर चांगला असेल तर तेही चालतं. थर बिघडू लागला की मात्र वाटेतच त्यांचं पुनर्मीलन होतं, म्हणजे दोघे एकमेकांत मिळून वाया जातात.

१९ जून

पाऊस लागला आहे. बाहेरच्या खोलीतला आर्द्रतामापक ८० च्या वर. फिल्म टाकायचं सगळं काम ग्लोव्हबॉक्सच्या (नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीच्या) आत.

एमएस्सीची विद्यार्थिनी कामाला आली आहे, तिला अँटिसॉल्व्हंटची (स्फटिक पटकन जमावेत म्हणून ओतायच्या द्रवाची) वेळ शिकवली. लेड आयोडाइड आणि मिथाइलअमोनियम आयोडाइडचं द्रावण डीएमएफ आणि डीएमएसओ या द्रावकांच्या मिश्रणात. स्पिन कोटर ४००० फेऱ्यांवर. काच आधी पिवळट आणि ओली दिसते, मग कडेकडून तिची चकाकी किंचित मंदावते. ती मंदावू लागली की त्याच क्षणी क्लोरोबेंझिन मधोमध एका धारेत सोडायचं. थेंब थेंब टाकायचं नाही. वेळ साधली तर फिल्म पारदर्शक तपकिरी राहते आणि हॉटप्लेटवर ठेवताच दोन-तीन सेकंदांत आरशासारखी काळी होते. वेळ चुकली तर मधे राखाडी, धुरकट चकती दिसते. अशी फिल्म मोजायला घ्यायचीच नाही, कारण तिच्यात कणसीमा (स्फटिककणांमधल्या सीमा) इतक्या असतात की आयन कुठून वाहतात हे सांगता येत नाही. २०१६ मधल्या मोजमापांनी दाखवून दिलं आहे की बहुस्फटिकी फिल्ममध्ये आयन कणांच्या आतून जाण्यापेक्षा कणसीमांवरून कितीतरी वेगाने जातात.

दुपारपर्यंत तिच्या हाताला वेळ बसली. शिशाच्या कचऱ्याची बाटली, हातमोजे आणि टिप वेगळ्या डब्यात, यात कुठलीही सवलत नाही, हेही सांगितलं.

२४ जून

आडव्या दिशेची चालकता. काचेवर फिल्म, वर सोन्याचे दोन पट्टे, मधे १०० मायक्रोमीटर फट. नमुना नायट्रोजनमध्ये, अंधारात, पेल्टिअरवर (विजेने तापणाऱ्या-थंडावणाऱ्या पट्टीवर). व्होल्टेज लावलं की प्रवाह आधी वर जातो आणि मग हळूहळू खाली येऊन स्थिरावतो. सुरुवातीच्या प्रवाहात इलेक्ट्रॉन आणि आयन दोघांचा वाटा. आयन सोन्यापाशी जाऊन अडकले की उरतो फक्त इलेक्ट्रॉनचा. दोन्हींतला फरक हा आयनांचा भाग. हेच मोजमाप तापमान बदलत केलं आणि आर्हेनियस आलेख काढला, त्याच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा कळते. थंडीत उतार सपाट, खोलीच्या तापमानाच्या वर तीव्र. वरच्या उताराची सक्रियण ऊर्जा वाचलेल्या मूल्यांच्या पट्ट्यात बसते.

पण हा पट्टा फार रुंद आहे. एकाच पदार्थासाठी कोणी ०.१ च्या जवळ सांगतं, कोणी ०.६ च्या. माझं मत असं की यातले बरेचसे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मोजलेली गोष्ट वेगवेगळी आहे: कुठे कणसीमा, कुठे कणाचा गाभा, कुठे पृष्ठभाग. एकच आकडा उचलून संगणकी प्रारूपात घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

तापमानाचा परिणाम किती, याचाही हिशेब केला. २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं तर ०.५८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या उडीचा दर साधारण चौदा पटींनी वाढतो, ०.३ असेल तर चार पट. विदर्भात मे महिन्यात हवा ४५ अंश असते तेव्हा छतावरचं पॅनेल ७० च्या पुढे जातं. आपल्याकडचा उन्हाळा हीच आयनांसाठी खरी चाचणी. २५ अंशांवरच्या निकालावर टिकाऊपणाचा दावा करणं मला पटत नाही.

२७ जून

त्याच नमुन्यावर पांढरा एलईडी टाकला. आयनांची चालकता वाढली. नुसतं तापलं म्हणून वाढली नाही ना, हे पाहण्यासाठी फिल्मलगत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवलं होतं. तापमान अर्ध्या अंशाच्या आत राहिलं. श्टुटगार्टच्या मायर गटाने २०१८ मध्ये हेच दाखवलं होतं: उजेडात मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडची आयन-चालकता सुमारे शंभर पटींपर्यंत वाढते. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं. उजेडाने तयार झालेला होल आयोडाइडवर बसला की तो उदासीन आयोडीन अणू होतो. अणू आकाराने लहान, जागेवरून सहज निसटून जालकाच्या फटीत जातो आणि मागे रिकामी जागा राहते. म्हणजे सौर सेल ज्यासाठी बनवला तो उजेडच त्यातले आयन मोकळे करतो. सिलिकॉनमध्ये असलं काही नाही.

१ जुलै

नायट्रोजनचे सिलिंडर आले. काकांनी पावसातून दोन्ही वर चढवून दिले. ग्लोव्हबॉक्समधला ऑक्सिजन आणि ओलावा परत १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली. आज एवढंच.

८ जुलै

जलद स्कॅनची मांडणी. नेहमीचं सोर्समीटर (व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) सेकंदाला १ व्होल्टच्या पुढे फारसं कामाचं नाही. म्हणून फंक्शन जनरेटर, सेल आणि एक छोटा रोध एकापाठोपाठ, आणि रोधावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर (झरझर बदलणारं व्होल्टेज पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर).

रोध किती घ्यायचा यावर सकाळ गेली. सेलचं क्षेत्र ०.१ चौरस सेंटिमीटर, उजेडातला प्रवाह २ मिलिअँपिअर. ५० ओहम घेतला तर रोधावरच १०० मिलिव्होल्ट जातात, सेलला मिळणारं व्होल्टेज तेवढ्याने चुकतं. १० ओहम घेतला तर २० मिलिव्होल्ट, ते वजा करता येतात. संकेत छोटा होतो, पण सरासरी घेऊन भागतं.

दुसरी काळजी विस्थापन प्रवाहाची. धारिता गुणिले व्होल्टेज बदलण्याचा वेग. सेकंदाला १००० व्होल्टला ४४ नॅनोफॅरडमुळे चौरस सेंटिमीटरला ०.०४४ मिलिअँपिअर, सेलच्या २० पुढे नगण्य. सेकंदाला एक लाख व्होल्टला मात्र ४.४ मिलिअँपिअर, म्हणजे आलेखात दिसणारी फट आयनांची की धारितेची हे कळणार नाही. प्रत्येक वेगाला अंधारातलं स्कॅन वेगळं घेऊन ते वजा करायचं असं ठरलं.

सेल आमचे नेहमीचेच: आयटीओ (पारदर्शक वाहक) थराची काच, त्यावर फॉस्फोनिक आम्लाचा एकरेणवीय थर, सीझियम-फॉर्मअमिडिनियम पेरोव्हस्काइट, सी-६० (कार्बनचे गोल रेणू) आणि बीसीपी (एक सेंद्रिय पदार्थ) यांचे पातळ थर, चांदी. बैठकीत ज्यांचे वक्र जुळले होते तेच.

११ जुलै

उत्तर मिळालं.

सेल १.२ व्होल्टवर उजेडात धरून ठेवला, मग तिथून खाली आणि परत वर. सेकंदाला ०.१ व्होल्ट: दोन्ही वक्र एकावर एक, अगदी बैठकीत दाखवले तसेच. सेकंदाला १० व्होल्ट: वक्र सुटू लागले. १०० च्या आसपास फट सगळ्यात रुंद, कोणाही नवख्याला दिसेल अशी. काही हजारांवर गेलं की पुन्हा मिटली.

संथ स्कॅनमध्ये आयन प्रत्येक व्होल्टेजला आपली जागा घेऊन मोकळे होतात. जाताना आणि येताना त्यांची मांडणी तीच, म्हणून वक्र जुळतात. फार जलद स्कॅनमध्ये त्यांना हलायलाच वेळ मिळत नाही, म्हणूनही वक्र जुळतात. मधल्या वेगात ते अर्ध्या वाटेवर सापडतात. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या गटाने २०१६ मध्येच लिहिलं होतं की हिस्टेरेसिस दिसायला फिरते आयन आणि संपर्कापाशी जोरदार पुनर्मीलन, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. आपल्या सेलमध्ये संपर्क सुधारले आहेत. म्हणून संथ स्कॅनमध्ये काही दिसत नाही. आयन पूर्वीइतकेच फिरत आहेत.

याहून महत्त्वाचं दुसरं निरीक्षण. दोन्ही टोकांच्या वेगांना वक्र जुळत असले तरी ते *एकच* वक्र नाहीत. जलद स्कॅनमध्ये शून्य व्होल्टला मिळणारा प्रवाह संथ स्कॅनपेक्षा थोडा जास्त आहे आणि वक्राचा खांदा (प्रवाह कोसळण्याआधीचं वळण) भरलेला आहे. जलद वक्र सांगतो की आयनांनी क्षेत्र झाकलं नसतं तर सेलने किती दिलं असतं. संथ वक्र सांगतो की प्रत्यक्षात किती देतो. या दोन्हींतला फरक म्हणजे आयनांमुळे होणारा तोटा. ताज्या सेलमध्ये तो लहान आहे. जुन्या होत जाणाऱ्या सेलमध्ये त्याचं काय होतं ते पाहायचं.

मॅडम संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊन ऑसिलोस्कोपसमोर बसल्या आणि वेगाचं बटण स्वतः फिरवून पाहिलं. फट उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "पुढच्या बैठकीत आलेख नको, हेच लावून दाखव," म्हणाल्या.

२२ जुलै

मिश्र हॅलाइड. टँडेममध्ये सिलिकॉनवरच्या थराचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) १.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास लागतो, त्यासाठी आयोडाइडबरोबर ब्रोमाइड मिसळावा लागतो. आणि मिसळलेलं उजेडात वेगळं होतं. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या मॅकगेही गटातून होक यांनी हे दाखवलं, म्हणून याला होक परिणाम म्हणतात.

मुद्दाम ब्रोमाइड जास्त असलेली फिल्म घेतली, ४० टक्के. निळा लेझर, स्पेक्ट्रोमीटर. पहिल्या क्षणी प्रकाशदीप्तीचं (लेझर पडल्यावर फिल्म स्वतः जो प्रकाश देते त्याचं) शिखर ६७० नॅनोमीटरच्या जवळ. मग डोळ्यांदेखत ते खचू लागलं आणि ७४० च्या जवळ दुसरं शिखर उगवलं, वाढत गेलं, शेवटी पहिल्यापेक्षा उंच झालं. ७४० म्हणजे सुमारे १.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ब्रोमाइड २० टक्के असो वा ६०, नवं शिखर तिथेच येतं, हीच होक यांच्या निरीक्षणातली विलक्षण गोष्ट. आयोडाइड एकत्र येऊन छोटी बेटं करतात, बँडगॅप तिथे कमी, म्हणून सगळ्या फिल्ममधले होल आणि इलेक्ट्रॉन घरंगळत त्या बेटांत जमा होतात. बेटांचा वाटा एक टक्का असला तरी प्रकाश तिथूनच बाहेर पडतो. त्यामुळे शिखराच्या उंचीवरून 'इतकी फिल्म बिघडली' असं म्हणणं चूक.

लेझर बंद करून थोड्या वेळाने पाहिलं: नवं शिखर गेलेलं, जुनं परत आलेलं. विद्यार्थिनीने पुन्हा पुन्हा लेझर चालू-बंद करून पाहिलं. अंधारात हे सगळं आपोआप पूर्ववत होतं, यावर तिचा सहज विश्वास बसेना. बसू नये असंच ते आहे.

५ ऑगस्ट

टोल्युइन या द्रावकाची परीक्षा. फिल्म क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक कुपीत) उभी, वर टोल्युइन, झाकण घट्ट. पेरोव्हस्काइट टोल्युइनमध्ये विरघळत नाही, आयोडीन विरघळतं. एक क्युव्हेट उजेडात, एक फॉइलमध्ये गुंडाळून.

संध्याकाळी उजेडातल्या क्युव्हेटमधलं टोल्युइन पांढऱ्या कागदासमोर धरल्यावर फिकट गुलाबी. शोषण वर्णपटात ५०० नॅनोमीटरपाशी आयोडीनचा उंचवटा. फॉइलमधलं पाण्यासारखं स्वच्छ. इथे काहीच परत येत नाही. फिल्ममधून बाहेर पडलेला आयोडीन गेला तो गेला. आयनांच्या कथेत परतीचं आणि बिनपरतीचं असे दोन भाग आहेत आणि त्यांची सीमा इथे आहे: आयोडीन थरातच राहिला तर रात्री घरी येतो, थराबाहेर पडायला वाट मिळाली तर नाही. म्हणून सीलबंदी फक्त पावसाचं पाणी आत येऊ नये यासाठी नसते. आतला आयोडीन बाहेर जाऊ नये यासाठीही असते.

२५ ऑगस्ट

परवा गणेश चतुर्थी. सुट्टीत सेल चक्रावर लावून ठेवतो आहोत: बारा तास उजेड, बारा तास अंधार. २०२० मध्ये जगभरच्या अनेक गटांनी मिळून पेरोव्हस्काइटसाठी आयएसओएस या टिकाऊपणाच्या चाचण्यांचे नियम ठरवले, त्यात उजेड-अंधाराच्या चक्राला स्वतंत्र जागा आहे. तरीही बरेच निबंध सलग उजेडातलेच आकडे देतात. सूर्य रोज मावळतो, चाचणीतही मावळायला हवा.

तीन संच. अ: कमाल शक्तीबिंदूवर (सेल सगळ्यात जास्त शक्ती देतो त्या व्होल्टेजवर), ३० अंश. ब: दिवसा खुल्या परिपथात (काही न जोडता), ३० अंश. क: कमाल शक्तीबिंदूवर, ६५ अंश. सगळे काचेखाली, कडेला सीलबंदीसाठी ब्युटाइल रबर. इन्व्हर्टरची बॅटरी तपासली, वीज गेली तरी नोंद तुटणार नाही.

८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी झाली, सगळे परत. नोंदी उतरवल्या.

अ-संचाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा. उजेड पडल्यापासून संध्याकाळपर्यंत शक्ती हळूहळू उतरते, सकाळी पुन्हा वर असते. सकाळची पातळी मात्र आदल्या सकाळपेक्षा किंचित खाली. २०१७ मध्ये लोझानच्या गटाने असेच रात्री भरून निघणारे तोटे नोंदवून ते धनायनांच्या स्थलांतराशी जोडले होते. त्यामुळे आपल्या सेलमध्ये हे फक्त आयोडाइडचं काम आहे असं मी ठामपणे लिहिणार नाही. तासांच्या मोजपट्टीवर सेंद्रिय आयनही हलतात.

ब-संच जास्त घसरला. खुल्या परिपथात तयार झालेले इलेक्ट्रॉन-होल बाहेर काढलेच जात नाहीत, आतच साठतात, आणि २७ जूनला लिहिलेली होल-आयोडाइडची गोष्ट तेवढी जास्त घडते. ग्राहकाच्या छतावर पॅनेल लावून जोडणीसाठी महिनाभर थांबावं लागलं तर ते या अवस्थेत असतं. या परिस्थितीचा विचार हमी लिहिणाऱ्यांनी करायला हवा.

१२ सप्टेंबर

अ-संचावर पुन्हा जलद स्कॅन. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते मोजमाप.

संथ वक्र खाली आला आहे, प्रवाह घटलेला, खांदा पडलेला. नुसता तो पाहिला असता तर 'पदार्थ खराब झाला' असंच लिहिलं असतं. जलद वक्र मात्र जवळजवळ जुलैमधल्या ताज्या सेलसारखा. म्हणजे थर प्रकाश शोषतो आहे, वाहक तयार होत आहेत, पुनर्मीलन फारसं वाढलेलं नाही. वाढले आहेत ते फिरते आयन, आणि त्यांनी आतलं क्षेत्र आणखी झाकलं आहे. पॉट्सडॅमच्या गटासह काही जणांनी २०२४ मध्ये नेचर एनर्जीत हाच निष्कर्ष मांडला: चालू अवस्थेतल्या घसरणीत आयनांमुळे क्षेत्र झाकलं जाणं हा प्रमुख वाटा आहे. आपल्या सेलमध्ये तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

वक्र समोर ठेवून मॅडम बराच वेळ बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "गेली काही वर्षं आपण ज्या सेलवर फुली मारली, त्यातले किती असे होते?" जुने सेल अजून ड्रॉवरमध्ये आहेत. मोजता येतील.

१६ सप्टेंबर

क-संच उघडला. चित्र पूर्ण वेगळं. इथे जलद वक्रही खाली आला आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली चांदीच्या पट्टीच्या कडा पाहिल्या. मधली चांदी चकचकीत. कडेला मळकट पिवळी किनार, तिच्यात बारीक दाणे, आणि काचेच्या बाजूने पाहिलं तर त्याच किनारीखाली पेरोव्हस्काइटचा काळा रंग फिका पडून पिवळट झालेला. चांदीत आयोडीन पोचून सिल्व्हर आयोडाइड झालं, आणि आयोडाइड गमावलेल्या थरात लेड आयोडाइड उरलं. सी-६० आणि बीसीपी मिळून तीसेक नॅनोमीटर. ६५ अंशांवर आयोडीनला अडवायला ते पुरत नाही. सोनं वापरून सुटका नाही, ७० अंशांवर सोनंच आत पेरोव्हस्काइटपर्यंत उतरतं हे २०१६ पासून माहीत आहे.

३० सप्टेंबर

उपायांवर चर्चा. पोटॅशियम मिसळणं, सीझियम वाढवून मिथाइलअमोनियम पूर्ण काढणं, वर फेनइथाइलअमोनियमचा द्विमितीय थर, अणुस्तर निक्षेपणाने (अणूंचा एकेक थर चढवत) टिन ऑक्साइडची भिंत. सगळे वाचलेले, त्यातले काही वापरलेले.

माझं मत: पहिलं प्राधान्य टिन ऑक्साइडच्या भिंतीला. आयन पूर्ण थांबवण्याच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही. २० लाखांत एक जागा रिकामी असली तरी क्षेत्र झाकलं जातं; रिक्तस्थानं त्याहून कमी असलेली फिल्म द्रावणातून, शंभर अंशांवर मिळणार नाही. शिवाय याच हालचालीमुळे रात्री दोष भरून येतात. त्यापेक्षा आयनांना थराच्या आत कोंडून ठेवायचं आणि क्षेत्र झाकलं गेलं तरी वाहक विसरणाने पोचतील इतका थर स्वच्छ ठेवायचा. द्विमितीय थराबद्दल मी साशंक आहे, कारण गरम केल्यावर त्यातले मोठे धनायन स्वतःच खालच्या थरात शिरतात. मॅडमचं मत याउलट, योग्य धनायन निवडला तर तो टिकेल असं त्यांना वाटतं. दोन्ही करून पाहायचं ठरलं.

९ ऑक्टोबर

आढावा बैठक झाली. ऑसिलोस्कोप ढकलगाडीवर घालून खोलीतच नेला होता. जूनमध्ये ते वाक्य म्हणणाऱ्या सरांनी स्वतः वेग बदलून पाहिला आणि विचारलं, "मग आमच्या जुन्या निबंधांत वेग लिहिलाय का?" काहींत लिहिला आहे, काहींत नाही.

यापुढे गटातल्या प्रत्येक सेलच्या तक्त्यात हे स्तंभ असतील: स्कॅनचा वेग, आधीची अवस्था आणि ती किती वेळ, जलद आणि संथ वक्रांतला फरक, तापमान, आणि टिकाऊपणासाठी नुसता 'टी-८०' (कार्यक्षमता ८० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ) न देता पूर्ण दिवस-रात्रीच्या चक्रात मिळालेली ऊर्जा. सकाळी मोजलं की संध्याकाळी, हेही.

टिन ऑक्साइडचे पहिले सेल दुसऱ्या गटाच्या यंत्रावर करून मिळाले. चार फेनइथाइलअमोनियमवाले आमचे. दोन्ही संच आज दुपारी ६५ अंशांवर चक्राला लावले, शेजारी जुन्या पद्धतीचे दोन तुलनेसाठी. ड्रॉवरमधले फुली मारलेले सेल विद्यार्थिनी सोमवारपासून मोजायला घेईल, सगळ्यात जुन्यापासून.